मच्छरदाणी आणि तितिक्षा

प्रवासास निघताना बरोबर किती सामान घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा दिसतो. परंतु जो आपले ओझे स्वतःच्याच पाठीवर वाहणार आहे, त्याच्यापुरता तो नीतीचा प्रश्न होऊन बसतो. जे सामान गाडीतून किंवा हमालाच्या डोक्यावरून जाते त्याविषयी मनुष्य फारसा विचार करीत नाही. तेच आपल्या खांद्यावर आले म्हणजे प्रत्येक वस्तूस 'तुझे प्रयोजन काय?' असे विचारावे लागते. आणि त्या वस्तूच्या वतीने उत्तर देता देता आपल्या गरजा कोणत्या व आपल्या सवयी कोणत्या, ह्याचाही थोडाबहुत उलगडा होत जातो.

अलीकडे आमच्या खानदेशातील सुशिक्षित घरांतली मुलेमुली सुटीत डोंगर पायी हिंडू लागली आहेत. जामनेरास दक्षिणेकडे अजिंठ्याची रांग जवळ, आणि उत्तरेस तापी ओलांडली की सातपुडा फार दूर नाही. ह्या मुलांच्या पाठीवर जी राहुटी असते ती आमच्या लहानपणीच्या जाड कापडी तंबूसारखी नसते. पातळ कापडाचे ते एक छप्पर असते. दोन काठ्यांवर ताणून कडेने खुंट्या ठोकल्या की रात्रीपुरते घर उभे राहते, व सकाळी घडी केली की ते एका हातात मावते. पुष्कळदा त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर असते. ह्या छपराच्या कडांना डासांची जाळी शिवून घ्यावी की घेऊ नये, असा वाद माझ्या परिचयाच्या काही विद्यार्थ्यांत मी ऐकला. जाळी घेतली तर ओझे पाव किलोने वाढते, वारा मंदावतो, घडी मोठी होते. न घेतली तर रात्रभर डासांचे स्वामित्व पत्करावे लागते. एक पक्ष म्हणत होता, 'झोपच लागली नाही तर हिंडण्यात गंमत काय?' दुसरा म्हणत होता, 'डास चावतील ते चावोत. घरचे सगळे सुख पाठीवर घ्यावयाचे, तर घर सोडावयाचे कशाला?'

वाद पोरवयाचा खरा. तथापि त्याच्या तळाशी जो प्रश्न आहे तो फार जुना आहे. सोसणे हा केव्हा गुण असतो, आणि केव्हा तो नुसता हट्ट असतो?

दुसऱ्या पक्षाची बाजू प्रथम घेतो, कारण ती सहज हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हलकेपणाचा आदर आपल्या रक्तात आहे. मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरीस निघते तेव्हा तिच्याबरोबर कित्येक दिवस पायी चालणारा वारकरी एका पडशीत आपला संसार बांधून घेतो. ज्याला कमी लागते तो अधिक दूर जातो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. सुखाची साधने वाढू लागली की त्यांची निगा राखण्यातच आयुष्य खर्ची पडते, हाही अनुभव घरोघरचा आहे. आज जाळी घेतली, उद्या उशी घ्यावीशी वाटेल, परवा खुर्ची. मग थांबावयाचे कोठे? ज्या तरुणास ही भीती वाटते त्याची वृत्ती चांगली आहे. प्रश्न इतकाच, की त्याने रेघ योग्य ठिकाणी ओढली आहे काय?

त्यासाठी ज्या वस्तूविषयी वाद आहे ती वस्तू नीट पाहिली पाहिजे. मच्छरदाणी हा शब्दच मोठा मौजेचा आहे. अत्तरदाणीत अत्तर असते, पिकदाणीत पीक असते. मच्छरदाणीत मात्र मच्छर नसावा एवढ्याचसाठी ती असते, आणि आत असतो तो मनुष्य! वस्तू जुनी आहे. इजिप्तमधील दलदलीच्या प्रदेशातले लोक दिवसा ज्या जाळ्याने मासे धरतात तेच रात्री बिछान्याभोवती लावून निजतात, असे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात हिरोडोटसने लिहून ठेविले आहे. तिची रचना अगदी साधी, पण तिचे नियम कडक आहेत. जाळी अंगाला चिकटता कामा नये, कारण चिकटली तर डास बाहेरूनच आपले काम उरकतो. तिची खालची कड अंथरुणाखाली दाबलेली हवी. आणि तिला एकही भोक चालत नाही. कारण एकदा आत शिरलेला डास बाहेर जाण्याची वाट विसरतो आणि रात्रभर आपला पाहुणा होऊन राहतो. हलक्या छपराच्या कडेला जाळी शिवणाराने ती जमिनीवर हातभर लोळेल इतकी लांब ठेवून वर दगड ठेवावेत, हे शहाणपण ह्या नियमांतूनच निघाले आहे.

डासांपासून बचाव करण्याचे मार्ग पाहिले तर त्यांत जाळीचे स्थान विशेष आहे. गोवऱ्यांची किंवा कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली तर डासांबरोबर आपलेही डोळे चुरचुरतात. टाळी वाजवून मारू म्हटले तर हिंसा पदरात पडते व झोप जाते ती जातेच. जाळी मारीत नाही, हाकलीत नाही, गुदमरवीत नाही. ती फक्त मध्ये उभी राहते. 'तुझे तुझ्यापाशी, माझे माझ्यापाशी' असे म्हणणारे हे कुंपण आहे.

आता ह्या कुंपणाविषयी आपल्याच देशात प्राचीन काळी दोन निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत, ती पाहण्यासारखी आहेत. जैन मुनीने जे बावीस परीषह सहन करावयाचे, त्यांत भूक, तहान, थंडी व उष्णता ह्यांच्या पाठोपाठ पाचवा परीषह 'दंशमशक' हा सांगितला आहे. गोमाशा व डास चावले तरी मुनीने विचलित होऊ नये, त्यांना इजा करू नये. ह्यामागचा विचार उदात्त आहे. तो क्षुद्र जीव आपल्या स्वभावाप्रमाणे वागत आहे. त्याच्यामुळे माझी शांती ढळली, तर दोष त्याचा नसून माझ्या मनाच्या कच्चेपणाचा आहे, असे मुनी मानतो.

बुद्धाने वेगळे उत्तर दिले. विनयपिटकातील चुल्लवग्ग नावाच्या भागात अशी हकीकत आहे की भिक्षूंना डासांचा त्रास होऊ लागला व ती गोष्ट बुद्धाच्या कानावर गेली, तेव्हा त्याने भिक्षूंस 'मकसकुटी' वापरण्याची परवानगी दिली. मकस म्हणजे मशक. तेव्हा ही मच्छरदाणीच होय. चीवर कशासाठी पांघरावयाचे ह्याची जी कारणे भिक्षूने मनात आणावयाची, त्यांतही थंडी व ऊन ह्यांच्याबरोबर डासांचा उल्लेख येतो. आमच्या तालुक्यातून जी वाघूर नदी वाहते, तिच्याच वरच्या अंगाच्या घळीत अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील बाराव्या लेण्याच्या खोल्यांतून दोन-दोन दगडी ओटे कोरलेले आहेत. भिक्षूंनी निजावयाचे ते त्या दगडावर. ज्या धर्माने अंथरूण दगडाचे दिले, त्यानेच डासांपुरती जाळी मान्य केली, ही गोष्ट विचार करावयास लावते. कठीण अंथरुणाची सवय होते व तिच्याने साधनेत व्यत्यय येत नाही. डासाची सवय सहसा होत नाही, आणि जागरणाने तापलेल्या डोक्याने ध्यान होत नाही. बुद्धाने वस्तू सुखाची की दुःखाची असे न पाहता ती कामाच्या आड येते की कामास मदत करते, हे पाहिले असावे, असे मला वाटते.

ह्या दोन उत्तरांत कोणते श्रेष्ठ, ह्याचा निवाडा करण्याचे कारण नाही. मुनीचे व्रत मुनीचे आहे. त्याने ते समजून-उमजून घेतले आहे व जन्मभर पाळावयाचे आहे. आपल्यासारख्या गृहस्थाने सुटीतल्या दोन रात्रींपुरते ते उसने आणू नये, एवढेच म्हणता येईल. परंतु ह्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. डासाचा दंश हे प्रकरण दोघांतले आहे, एक चावणारा व एक चावला जाणारा, तिसऱ्याचा त्यात संबंध नाही, असे दोघेही समजत होते. आणि त्या काळी दुसरे काही समजण्यास साधनही नव्हते.

ते साधन 1897 साली मिळाले. त्या वर्षी ऑगस्टच्या 20 तारखेस सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस ह्या लष्करी डॉक्टरास, हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यायलेल्या डासाच्या जठरात त्या रोगाचे जंतू आढळले. तोपर्यंत दलदलीच्या दूषित हवेने हा ताप येतो अशी समजूत होती. 'मलेरिया' ह्या इटालियन शब्दाचा अर्थच 'वाईट हवा' असा आहे. पुढे 1900 साली सॅम्बन व लो ह्या दोन डॉक्टरांनी रोमजवळ ऑस्टियाच्या कुप्रसिद्ध दलदलीत एक लाकडी झोपडी उभारली आणि तिच्या दारांखिडक्यांना बारीक जाळी ठोकली. दिवसा ते खुशाल दलदलीत हिंडत, पावसात भिजत. सूर्यास्तापूर्वी मात्र आत शिरून सूर्योदयानंतर बाहेर पडत. क्विनीन त्यांनी घेतले नाही. आसपासचे लोक तापाने फणफणत असता हे दोघे हिवतापाचा मोसम संपेपर्यंत निरोगी राहिले. हवा सर्वांची एकच होती; फरक होता तो एका जाळीचा.

ह्या शोधाने औषधशास्त्र बदलले हे सर्वांस ठाऊक आहे. त्याने नीतिशास्त्रातील एका प्रश्नाचेही रूप बदलले, ह्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. हिवताप पसरविणारी अ‍ॅनॉफेलीस जातीची मादी बहुतेक करून सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावते. ती जंतू घेऊन जन्मास येत नाही. ते तिला कोणा तरी माणसाच्या रक्तातूनच मिळतात. तिच्या पोटात सुमारे दहा ते चौदा दिवस त्यांची वाढ होते, व मग ती ज्यास चावेल त्यास तो ताप लागतो. म्हणजे एका डासाच्या दंशात माणसे दोन गुंतलेली असतात: ज्याच्यापासून रोग निघाला तो, आणि ज्याच्याकडे तो पोहोचला तो. ती एकमेकांस ओळखतही नसतील. सातपुड्यातील एखाद्या पाड्याशेजारी मी उघड्यावर निजतो आणि 'चावू देत, मी सोसतो' असे अभिमानाने म्हणतो. पण माझ्या रक्तात गुपचूप जंतू असतील, तर काही आठवड्यांनी त्या पाड्यातील एखादे मूल थंडीने कुडकुडू लागेल. तोवर मी जामनेरास परतून माझ्या सोसण्याच्या गोष्टी मित्रांस सांगत असेन. सोसण्याचे श्रेय माझे, आणि प्रत्यक्ष सोसणे दुसऱ्याचे, असा हा व्यवहार होतो.

तितिक्षा हा गुण खरा. पण जे दुःख माझ्यापाशीच संपते त्याच्यापुरताच तो गुण आहे. जे दुःख माझ्यातून वाट काढून पुढे जाणार आहे ते मी सोसले, तर मी त्याचा फक्त वाटसरू-मुक्काम झालो. तेथे जाळी लावणे ही चैन न राहता शेजारधर्म होतो.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. जाळी म्हणजे अखेर कुंपणच. मी आत सुरक्षित निजलो तर भुकेलेला डास उपाशी थोडाच राहणार आहे? तो बाहेर निजलेल्या हमालाकडे, वाटाड्याकडे, शेजारच्या झोपडीकडे जाईल. मग माझ्या जाळीने दुःख कमी झाले की नुसते दुसऱ्याच्या अंगावर ढकलले गेले? साध्या जाळीच्या बाबतीत हा आक्षेप पुरता खोडून काढता येत नाही. औषध लावलेल्या जाळीची गोष्ट निराळी आहे. तिच्यावर बसलेला डास बहुधा मरतो. तिचा गुण सुमारे वीस वेळा धुईपर्यंत व साधारण तीन वर्षे टिकतो, आणि गडचिरोलीसारख्या जंगली जिल्ह्यांत सरकारी योजनेतून अशा जाळ्या वाटल्या गेल्या आहेत. पश्चिम केन्यात 1990 नंतरच्या दशकात जी मोठी पाहणी झाली तीत असे दिसले की अशा जाळ्या असलेल्या घरांपासून सुमारे 300 मीटरांच्या आतील जी घरे जाळीवाचून होती, त्यांनाही संरक्षणाचा लाभ झाला. पण मग जाळी मारीत नाही म्हणून जी निष्पापता आपण तिच्या ठायी पाहिली, ती ह्या ठिकाणी उरत नाही, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

नुसत्या मारण्यावर भिस्त ठेवण्याचा अनुभव तरी कोठे निर्भेळ आहे? 1953 साली आपल्या देशात हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांस हा ताप येतो व आठ लाख मरतात, असा अंदाज होता. डीडीटीच्या फवाऱ्याने 1965 च्या सुमारास रोग्यांची संख्या लाखाच्या घरात उतरली. पण डासांची पिढ्यान्‌पिढ्या त्या विषाशी ओळख झाली, माणसे निष्काळजी झाली, आणि 1976 मध्ये तोच आकडा 64 लाखांवर गेला. शत्रूचा समूळ उच्छेद करू म्हणणाऱ्यास नम्रता शिकविणारा हा इतिहास आहे. जाळी इतका मोठा पण बांधीत नाही. ती एका रात्रीपुरते, एका बिछान्यापुरते काम करते, व दुसऱ्या रात्री पुन्हा तेवढ्याच काळजीने लावावी लागते. दिवसा चावणाऱ्या डेंग्यूच्या डासापुढे तर रात्रीची जाळी हतबलच असते.

आतापर्यंत मी बोललो ते आपण होऊन हलक्या छपराखाली निजणाऱ्यांविषयी. पण हलके छप्पर ही काहींची हौस असते, तशी पुष्कळांची ती स्थिती असते. आमच्या चाळीसगावकडील तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीस निघतात, तेव्हा कित्येक महिने कोपीत राहतात. बांबू, पाचट व प्लॅस्टिकचा कागद ह्यांचे ते घरही दोन तासांत उभे राहते व दोन तासांत मोडते; परंतु त्याच्या हलकेपणाचे कौतुक कोणी करीत नाही. पहाटेच्या अंधारात फडात जावयाचे, मुले कोपीत. शेजारी पाटाचे पाणी साचलेले. तेथे जाळी नाही, ती कोणी व्रत घेतले आहे म्हणून नव्हे. आपल्या सुटीतील उघड्यावरच्या निजेला 'साधेपणा' म्हणताना ह्या लोकांची आठवण ठेवली तर शब्द जरा जपून वापरला जाईल.

एकदा हिवाळ्यात जामनेरजवळच्या एका शेतात साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळाचा मुक्काम होता. शेतकऱ्याने खतासाठी मेंढ्या बसविल्या होत्या. म्हातारा कांबळे पांघरून मेंढ्यांच्या कडेला उघड्यावर निजत असे. मी त्यास म्हटले, 'बाबा, डास फार आहेत, एक मच्छरदाणी का घेत नाही?' तो हसून म्हणाला, 'मास्तर, मी जाळीत निजलो तर लांडगा आला हे मला कोण सांगेल?' त्याचे हे उत्तर मला पुष्कळ दिवस पुरले. त्याचे सोसणेही पराक्रम म्हणून नव्हते. तो उघड्यावर होता म्हणून कळप निर्धास्त होता. त्याच्या जागरणाच्या दुसऱ्या टोकास कोणाची तरी झोप होती. माझ्या विद्यार्थ्याच्या जागरणाच्या दुसऱ्या टोकास काय आहे? बहुधा दुसऱ्या दिवसाची चिडचिड, आणि चिडलेल्या सोबत्याचे ओझे उचलणारे इतर.

तेव्हा रेघ कोठे ओढावयाची, ह्याचे उत्तर वजनाच्या काट्यावर मिळणार नाही. जी वस्तू नसली तर फक्त माझी गैरसोय होते, ती खुशाल घरी ठेवावी. उशी, खुर्ची आणि आणखी शंभर गोष्टी त्यात जातील, व तेवढा हलकेपणा अंगी बाणला तर तो स्पृहणीयच आहे. जी नसल्याने दुसऱ्यास सोसावे लागेल, ती मात्र पाठीवर घ्यावी, मग ती पाव किलोची असो की पाच किलोची. ह्या कसोटीने मेंढपाळाचे कांबळे बरोबर ठरते, आणि माझ्या विद्यार्थ्याने शिवून घेतलेली जाळीही बरोबर ठरते, जरी एक उघड्यावर निजतो आणि एक आत.

राहता राहिला एक लहानसा प्रश्न. बरोबर चार जण आहेत आणि जाळी एकच आहे. ती कोणास द्यावी? आपल्या घरांतील रीत सांगते की लहान मुलास द्यावी, वडील माणसास द्यावी, पाहुण्यास द्यावी. ती रीत चांगलीच आहे. पण चौघांपैकी एखाद्यास ताप भरला असेल, तर जाळी प्रथम त्याची. आजाऱ्याचे हाल होऊ नयेत म्हणून आपल्या आजीने हे पूर्वीच सांगितले असते. त्याच्यापासून डासाने ताप उचलून इतरांकडे नेऊ नये म्हणून आजचा वैद्यही तेच सांगेल. आजीची दया आणि वैद्याची दूरदृष्टी ज्या ठिकाणी एकाच बिछान्याकडे बोट दाखवितात, तेथे फार वेळ वाद घालीत बसण्याचे कारण नाही. सूर्य मावळण्यापूर्वी जाळी लावून घ्यावी, हे उत्तम.